स्वतःवर हसणारे आजोबा : बेंजामिन फ्रँकलिन

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत एवढं लांबलचक लिहायची ही माझी पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतीलच, विचारांच्या चुका राहिल्या असतील तर त्या सर्वस्वी माझ्या!

लेखाचा विषय आहे म्हातारपण. विसाव्या वर्षी म्हातारपणावर लेख? रूममेटनेही हेच विचारलं. सबमिशनच्या आठवड्यात जर्नल पूर्ण करायचं सोडून ही मुलगी म्हातारपणाच्या मागे का लागली, असं तिला वाटलं. कारण सांगते.

माझे आजोबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. गेल्या वर्षी ते बाथरूममध्ये पाय घसरून पडले. हाड जुळलं, पण माणूस काही जुळेना. हात थरथरतो म्हणून चहा कपातून घ्यायचे नाहीत, वाटीतून प्यायचे आणि तेही कुणी बघत नसताना. आम्ही वॉकर आणून दिला, तर त्याला हातसुद्धा लावला नाही. त्यावर टॉवेल वाळत पडायचे. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी त्यांना चक्क ओरडले. त्यानंतर ते माझ्याशी फारसं बोलेनासे झाले. दर रविवारी हॉस्टेलवरून फोन करायचा, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढं विचारायचं आणि ठेवून द्यायचा. तिसरा प्रश्न मला सुचायचाच नाही.

अशात मला सेमिनारला विषय मिळाला लाइटनिंग अरेस्टर. पहिल्या स्लाइडवर थोडा इतिहास टाकावा म्हणून लायब्ररीतून बेंजामिन फ्रँकलिनचं चरित्र आणलं. दोन पानं वाचून परत करणार होते, ते पूर्ण वाचूनच परत केलं. फाईनही भरला!

फ्रँकलिन म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे पावसात पतंग उडवणारा माणूस आणि दुसरी शंभर डॉलरच्या नोटेवरचे टक्कल पडलेले आजोबा. आमच्या शाळेच्या भिंतीवर त्यांच्या नावाचा एक तक्ताही होता, लवकर झोपून लवकर उठण्याबद्दलचा. त्यामुळे हा माणूस अतिशय शिस्तीचा आणि बोअर असणार, अशी माझी पक्की समजूत होती. ती साफ चुकीची निघाली.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात झाला. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. घरात भावंडं इतकी की हा वडिलांचं पंधरावं अपत्य. शाळा जेमतेम दोन वर्षं. दहाव्या वर्षी वडिलांच्या दुकानात आणि बाराव्या वर्षी मोठ्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी. भाऊ आपलं लिखाण छापणार नाही हे ठाऊक असल्यामुळे सोळाव्या वर्षी या पोराने एक शक्कल लढवली. एका मध्यमवयीन विधवा बाईच्या नावाने पत्रं लिहून ती गुपचूप छापखान्यात सरकवायला सुरुवात केली. अशी चौदा पत्रं छापून आली. मोठी माणसं त्या बाईच्या शहाणपणाचं कौतुक करत होती आणि ही बाई तिथेच कोपऱ्यात टाइप जुळवत उभी होती! पुढे भावाशी पटेना म्हणून सतराव्या वर्षी तो पळून फिलाडेल्फियाला गेला.

मधली वर्षं मी भराभर सांगते, कारण ती कुठल्याही पुस्तकात सापडतील. स्वतःचा छापखाना, वर्तमानपत्र आणि घराघरांत पोचलेलं एक वार्षिक पंचांग. त्या पंचांगात हवामान, ग्रह-तारे आणि मधल्या मोकळ्या जागेत म्हणी असायच्या. शाळेच्या भिंतीवरचा आमचा तक्ता तिथूनच प्रसिद्ध झालेला. १७४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पुरेसे पैसे कमावून फ्रँकलिन धंद्यातून बाजूला झाला आणि विजेच्या मागे लागला. १७५२ चा पतंगाचा प्रयोग, इमारतींवर बसवायचा तडितरक्षक हे सगळं त्यानंतरचं. आपण सर्किटमध्ये जे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहितो ते शब्द विजेसाठी त्यानेच वापरात आणले. बॅटरी हा शब्दही त्याचाच. पुढे दीडशे वर्षांनी इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि कळलं, की करंटची दिशा आपण इतकी वर्षं उलटी धरत आलोय. पण तोवर सगळी पुस्तकं छापून झाली होती. तेव्हा फर्स्ट इयरला ज्यांचे ज्यांचे मार्क दिशा चुकल्यामुळे गेले, त्यांनी कुणाला दोष द्यायचा हे आता समजलंच असेल.

याच काळातला एक किस्सा मला फार आवडला. डिसेंबर १७५० मध्ये फ्रँकलिन दोन मोठ्या लेडन जारच्या साहाय्याने टर्की पक्षी मारून दाखवणार होता. भोवती मंडळी जमलेली, गप्पा रंगलेल्या. लक्ष विचलित झालं आणि तो सगळा शॉक याच्याच दोन्ही हातांतून आणि अंगातून गेला. टर्की वाचला, शास्त्रज्ञ पडता पडता राहिला! दोन दिवसांनी त्याने भावाला पत्र लिहून सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. दारूगोळ्याच्या पिंपाला तापलेल्या सळईने भोक पाडायला निघालेल्या माणसाशी स्वतःची तुलना केली, आणि एवढ्या मोठ्या मूर्खपणाची लाज वाटते म्हणून गोष्ट फार पसरवू नकोस अशी विनंतीही केली. आपल्या लॅबमध्ये फ्यूज उडाला तर आपण पहिल्यांदा शेजारच्या बॅचकडे बोट दाखवतो. म्हणून मला हे विशेष वाटलं.

आता खरा विषय. इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो करणार आहे, कारण आता ते आजोबा झाले आहेत आणि आमच्याकडे आजोबांना अरे-तुरे करत नाहीत.

१७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांमध्ये सगळ्यात वयस्कर होते ते फ्रँकलिन. वय सत्तर. त्या काळात सत्तरी गाठणं म्हणजे बोनस आयुष्य. पण त्याच वर्षी त्यांना फ्रान्सची मदत मिळवण्यासाठी जहाजाने पॅरिसला पाठवण्यात आलं. बरोबर दोन नातू, एक सोळा वर्षांचा आणि एक सात वर्षांचा. समुद्रात इंग्रजांनी पकडलं असतं तर राजद्रोहाचा खटला ठरलेला.

पॅरिसमध्ये सगळीकडे पावडर लावलेले केसांचे टोप. आपल्या आजोबांच्या डोक्याला त्वचेचा त्रास, टोप सोसवेना. ते सरळ केसाळ फरची टोपी घालून फिरू लागले. आपण असतो तर लाजेने खोलीबाहेर पडलो नसतो. इथे उलटंच झालं. लोकांना ती टोपी इतकी आवडली की तिची फॅशन झाली. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सशी करारही झाला आणि अमेरिकेला युद्धात मोठा आधार मिळाला.

पॅरिसजवळच्या पासी या गावात ते राहायचे. तिथे त्यांनी घरातच एक छोटा छापखाना टाकला आणि मित्रमंडळींना वाचायला गमतीचे लेख छापू लागले. त्यातल्या एकात एक दिवसभर जगणारा किडा आहे. चारशे वीस मिनिटं, म्हणजे सात तास जगलेला हा म्हातारा किडा सूर्य मावळताना बघून अगदी गंभीरपणे चिंता करतो, की आता जगबुडी होणार, माझ्या एवढ्या राजकारणाचं आणि अभ्यासाचं काय होणार, माझं नाव राहणार की नाही! तो म्हातारा किडा म्हणजे फ्रँकलिन स्वतःच, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

दुसऱ्या लेखाचं तर काय सांगू! पत्नी वारल्यानंतर सत्तरी उलटलेल्या या आजोबांनी शेजारच्या एका विधवा बाईंना मागणी घातली. बाईंनी नकार दिला. आजोबांनी घरी जाऊन एक लेख लिहिला, की मी स्वप्नात स्वर्गात गेलो, तिथे बाईंचे दिवंगत नवरे भेटले. बघतो तर त्यांनी स्वर्गात दुसरं लग्न केलेलं आणि ते माझ्याच दिवंगत बायकोशी! तेव्हा चला, आपण दोघं मिळून त्यांच्यावर सूड उगवू. नकार पचवायची ही पद्धत आमच्या हॉस्टेलमधल्या काही जणांनी शिकण्यासारखी आहे. (नावं घेत नाही!)

पण माझा सगळ्यात आवडता लेख म्हणजे गाउटशी झालेला संवाद. गाउट म्हणजे युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा असा ठणकतो, की चादरसुद्धा सहन होत नाही. ऑक्टोबर १७८० मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांना गाउटचा मोठा झटका आला. आठवडेच्या आठवडे अंथरुणात. कण्हत बसायचं सोडून त्यांनी मध्यरात्रीचा एक संवाद लिहिला. त्यात गाउट ही एक खमकी बाई आहे आणि ती आजोबांना फैलावर घेते. सकाळी फिरायला जायचं सोडून बुद्धिबळ खेळत बसतोस, नको तेवढं खातोस, दोन पावलांवर जायचं तरी घोडागाडी काढतोस आणि वर मलाच शिव्या देतोस? आजोबा बिचारे विव्हळत सबबी सांगतात, बाई एकेक सबब खोडून काढते. शेवटी आजोबा कबूल होतात, की उद्यापासून रोज व्यायाम. गाउटबाई म्हणते, मी ओळखून आहे तुला, थोडं बरं वाटलं की विसरशील. (उद्यापासून रोज अभ्यास, हे वाक्य आठवलं ना?)

हे वाचताना मी लायब्ररीत एकटीच हसत होते. मग एकदम थांबले. मी आजोबांना जे जे ओरडले होते, ते सगळं फ्रँकलिन स्वतःलाच ओरडत होते. फरक एवढाच, की दुसऱ्याने ओरडल्यावर माणूस मिटतो, स्वतःच स्वतःला हसत ओरडला की मोकळा होतो.

इंजिनिअर म्हणूनही हे आजोबा कधी रिटायर झाले नाहीत. जवळचं वाचायला एक चष्मा, लांबचं बघायला दुसरा, या अदलाबदलीला कंटाळून त्यांनी दोन्ही चष्म्यांच्या काचा आडव्या कापून एकाच फ्रेममध्ये बसवून घेतल्या. वर लांबचं, खाली जवळचं. झाला बायफोकल! १७८४-८५ च्या त्यांच्या पत्रांत त्याचं वर्णन आहे. फायदाही त्यांनी गमतीदार सांगितला. जेवणाच्या टेबलावर ताटातलंही दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचे हावभावही. ओठ दिसले की फ्रेंच भाषा जास्त कळते! पुढे घरी परतल्यावर १७८६ मध्ये वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला शिडीवर चढवेना, तर त्यांनी लांब काठीला लाकडी बोटं आणि दोरी लावून एक कृत्रिम हात बनवला. पाठ वाकत नाही, हात पोचत नाही, डोळ्यांना दिसत नाही, हे आपल्यासाठी रडगाणं. त्यांच्यासाठी ती डिझाइन प्रॉब्लेमची यादी होती.

१७८५ च्या जुलैत ते फ्रान्स सोडून निघाले तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. मूतखडा इतका वाढलेला, की घोडागाडीचे धक्के सोसत नव्हते. म्हणून राणीने खेचरांच्या खांद्यावरची स्वतःची पालखी दिली. जहाजावर विश्रांती घ्यावी की नाही? हे महाशय समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजत आणि धुरांड्यांवर निबंध लिहीत बसले.

हे सगळं वाचून वाटेल, की या माणसाने आयुष्यभर सगळंच हसण्यावारी नेलं. तसं नाही. एका ठिकाणी त्यांना अजिबात हसता आलं नाही.

त्यांचा मुलगा विल्यम इंग्रजांच्या बाजूने गव्हर्नर होता. युद्धात तो राजाशी एकनिष्ठ राहिला, तुरुंगात गेला, त्या काळात त्याची बायकोही वारली. त्याला सोडवायला वडिलांनी काही केलं नाही. युद्धानंतर मुलाने समेटासाठी पत्र लिहिलं. १७८५ मध्ये परतीच्या वाटेवर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला दोघं काही दिवस भेटले, पण बोलणं झालं ते बहुतेक जमिनीच्या व्यवहाराचं. पुन्हा भेट झाली नाही. मृत्युपत्रातही मुलाला जवळपास काही ठेवलं नाही. पत्नी डेबोरा १७७४ मध्ये वारली तेव्हाही ते लंडनला होते. शेवटची दहा वर्षं नवरा-बायकोची भेट नव्हती. जगाशी हसून बोलणारा माणूस घरच्यांशी बोलायचा राहून गेला. हे पान वाचताना मला रविवारचा तो दोन प्रश्नांचा फोन आठवला. खरं सांगते, वाईट वाटलं.

फिलाडेल्फियाला परतल्यावर मात्र ते मुलगी सॅली आणि नातवंडांच्या गराड्यात राहिले. संध्याकाळी पत्ते खेळायचे. आपण वेळ वाया घालवतोय अशी टोचणी लागायची. मग मनात यायचं, की आत्मा अमर आहे, पुढे अनंत काळ पडलाय, थोड्या वेळासाठी कंजुषी कशाला? असं लगेच पटवून घेऊन पुन्हा पत्ते पिसायचे. हेही त्यांनीच एका पत्रात लिहून ठेवलंय.

१७८७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेची राज्यघटना लिहायला सभा भरली. फ्रँकलिन एक्क्याऐंशी वर्षांचे, बाकीच्यांपैकी बरेच जण त्यांच्या मुलांच्या नाही तर नातवंडांच्या वयाचे. पॅरिसहून आणलेल्या खुर्चीच्या डोलीत बसून ते यायचे. चार महिने वाद झाले. १७ सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी, त्यांना उभं राहून बोलणं कठीण होतं म्हणून त्यांचं भाषण एका सहकाऱ्याने वाचून दाखवलं. त्याचा मथितार्थ असा, की यातल्या काही गोष्टी मला आज पटत नाहीत. पण मी इतकी वर्षं जगलो, की ज्या मतांबद्दल ठाम होतो तीच पुढे बदलावी लागली, असं अनेकदा झालं. म्हणून जितकं वय वाढतंय तितकी मला स्वतःच्या मताबद्दल शंका यायला लागली आहे. आणि मग नेहमीप्रमाणे एक विनोद. एक फ्रेंच बाई आपल्या बहिणीला सांगते, की काय कोण जाणे, नेहमी बरोबर असणारी व्यक्ती मला माझ्याशिवाय कुणी भेटतच नाही!

मला वाटतं या माणसाच्या म्हातारपणाचं सार इथे आहे. आपल्याकडे समज असा, की वय वाढलं की माणूस हट्टी होतो. यांचं उलट झालं. स्वतःवर हसायची सवय असल्यामुळे आपण चुकलो हे म्हणायला त्यांना जड गेलं नाही.

याचा पुरावा शेवटच्या वर्षांत मिळतो. तरुणपणी फ्रँकलिन यांच्या घरी गुलाम होते. त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जायच्या. हे डाग पुसता येत नाहीत. ज्या घटनेवर त्यांनी सही केली तिनेही गुलामगिरीला हात लावला नाही. पण मत हळूहळू बदललं. १७८७ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी संपवावी असा अर्ज त्यांच्या सहीने काँग्रेसपुढे गेला. जॉर्जियाच्या एका सभासदाने गुलामगिरीच्या बाजूने जोरदार भाषण केलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले, वेदनेसाठी अफू घेणारे आजोबा काय करणार? त्यांनी पुन्हा सोळाव्या वर्षाची ट्रिक वापरली. खोटं नाव! अल्जियर्समधल्या एका मुसलमान सरदाराचं शंभर वर्षांपूर्वीचं भाषण सापडलं, असं सांगून वर्तमानपत्रात लेख दिला. हा सरदार पकडून आणलेल्या ख्रिश्चनांना गुलाम ठेवणं कसं योग्य आहे हे सांगतो. ते नसतील तर आमची शेती कोण करणार? सोडलं तर ते जातील कुठे? इथे ते सुखातच आहेत! सगळी कारणं जॉर्जियाच्या सभासदाचीच, फक्त गुलाम आणि मालक बदललेले. लेखाखालची तारीख २३ मार्च १७९०. महिनाही झाला नाही, १७ एप्रिलला ते गेले. अर्ज मंजूर झाला नाही. पण शेवटचा विनोद त्यांनी स्वतःच्या दुखण्यावर खर्च केला नाही, दुसऱ्याच्या दुःखासाठी वापरला.

जाता जाता आपल्या कामाची एक गोष्ट. एका फ्रेंच गणितज्ञाने फ्रँकलिनच्या काटकसरीच्या म्हणींची टिंगल करणारी एक कथा लिहिली होती. त्यात एक माणूस थोडे पैसे व्याजाने ठेवून जातो आणि शेकडो वर्षांनी त्यातून मोठमोठी कामं होतात. फ्रँकलिन रागावले नाहीत. कल्पना चांगली आहे म्हणून त्यांनी लेखकाचे आभार मानले आणि बोस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १००० पौंड ठेवले. तरुण कारागिरांना धंद्यासाठी पाच टक्के व्याजाने कर्ज द्यायचं आणि हिशेब थेट दोनशे वर्षांनी मिटवायचा! १९९० मध्ये तो मिटला, तेव्हा दोन्ही मिळून रक्कम लाखो डॉलरची झाली होती. बोस्टनच्या पैशातून मध्येच, १९०८ मध्ये, एक तांत्रिक शिक्षणाची संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे. आपल्यावर झालेल्या विनोदातून आपल्यासारख्यांसाठी कॉलेज काढणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

सेमिनार बरा गेला. त्या रविवारी मी आजोबांना फोन केला. जेवलात का विचारलं, गोळ्यांचं विचारलं, आणि मग गाउटबाईची गोष्ट सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं रेंज गेली. मग त्यांनी विचारलं, की त्या बाईने त्याला चहाबद्दल काही सांगितलं का? सांगितलं नाही म्हटल्यावर म्हणाले, मग ठीक आहे. आणि हसले. किती महिन्यांनी हसले!

दिवाळीला घरी गेले तेव्हा वॉकरवर टॉवेल नव्हते. आजोबांनी त्याचं नाव लालपरी ठेवलंय. सकाळी अंगणात यायला उशीर झाला, की स्वतःच ओरडून सांगतात, लालपरी लेट आहे, प्रवाशांनी सहकार्य करावं. हात अजून थरथरतो. चहा थोडा बशीत सांडतो. पण आता तो ते आमच्यासमोर पितात, आणि मी ओरडत नाही.

मित्रांनो, आपल्या प्रत्येकाच्या घरी असं एखादं माणूस असतंच. या रविवारी फोनवर त्यांना तिसरा प्रश्न विचारून बघा.